दिगंबरशेठची हमी

घाटमाथ्यावरच्या त्या गावात गाडी शिकायची तर आधी दिगंबरशेठला गाठायचं, असा रिवाजच पडला होता. शेठ गिऱ्हाईक पाठवी आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले त्याला चार दिवसांत परीक्षेला उभं करत. कुमुद टेमकर मात्र पंचवीस दिवस शिकवी.

एका सकाळी शेठ चौघांना घेऊन तिच्या अंगणात आला. "बाई, यांना चार दिवसांत मोकळं करा. हमी माझी. नाही म्हणालात, तर उद्यापासून इथे चिमणीसुद्धा फिरकणार नाही."

कुमुदची एकुलती एक गाडी आणि तिच्यावरच सगळं घर. पण ती हसून म्हणाली, "तुमच्या शब्दाबाहेर कशी जाईन, शेठ? फक्त चौथ्या दिवशी हे घाट उतरतील, तेव्हा शेजारी तुम्ही बसा."

"मी कशाला?"

"शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो मी काढून ठेवते. तुमची हमी असताना ब्रेक हवाय कशाला?"

चौघांतल्या एकाने हौसेने हात वर केला. "शेठ, पहिला मी!"

शेठने घाम पुसला. "चौथ्या दिवशी मला लग्नाला जायचंय."

"मग पाचव्या दिवशी?"

"पाचव्या दिवशीही लग्नच आहे!" म्हणत शेठ तरातरा फाटकाबाहेर पडला.

चौघे पोट धरून हसले, पण जागचा एकही हलला नाही. "ताई, आम्ही किती दिवस शिकायचं?"

"शेठ तुमच्या शेजारी निर्धास्त बसेल, त्या दिवसापर्यंत!"