मगरमावशीचा ठणठणीत दात

माणसांनी दवाखाने काढले त्याच्या कितीतरी आधी, नदीकाठी टिटव्यांचा दवाखाना होता. मगरी जबडा उघडून पडायच्या. टिटव्या आत शिरून दातांत अडकलेलं काढायच्या आणि त्यावरच पोट भरायच्या.

पुढे तो दवाखाना कोल्ह्याने चालवायला घेतला. त्याला मगरीच्या दातांच्या माळा विकायच्या होत्या. "चांगला दात दिसला तरी किडलाय म्हणायचं आणि उपटायचा," त्याने टिटव्यांना बजावलं. माळा वाढत गेल्या. टिटव्यांची किलबिल मात्र बंद झाली.

एकदा भिंगरी नावाची टिटवी मगरमावशीच्या जबड्यात उभी होती. काठावरून कोल्हा ओरडला, "उपट तो मोठा!"

भिंगरीने तो दात चोचीने वाजवून पाहिला. मग म्हणाली, "मावशी, दात ठणठणीत आहे. नुसता माशाचा काटा अडकलाय."

"चालती हो!" कोल्हा खेकसला. "मावशी, तुमचा दात मी स्वतः बघतो."

"बघा की, साहेब." मगरमावशीने जबडा आणखी वासला. "या, आत या."

कोल्हा जागचा हलला नाही.

भिंगरीने शांतपणे काटा काढला. तेवढ्यात शेजारच्या मगरीच्या जबड्यातून दुसऱ्या टिटवीचा आवाज आला, "मावशी, तुमचाही ठणठणीत आहे हो!" मग त्याच्या पलीकडच्या जबड्यातूनही.