कणगीमागची ओल

फार पूर्वी, घरातल्या वस्तूंचं बोलणं कुत्र्यांना कळत असे तेव्हाची गोष्ट. एका साध्या सकाळी भागीरथीबाई तांदूळ निवडत होत्या आणि निरोप आला, परगावी गेलेले यजमान वारले. बाईंनी हंबरडा फोडला. त्या आवाजानं घाबरून कबऱ्या कुत्र्यानं सारवलेल्या जमिनीवरच मुतलं. भान हरपलेल्या बाईंनी त्याला केरसुणीनं झोडपलं.

तेव्हापासून बाई त्याला दोरीनं अंगणात नेत आणि समोर उभ्या राहत. कबऱ्या थरथरत आवरून धरी. घरात आला की धान्याच्या कणगीमागे लपून मोकळा होई.

"आता पुन्हा दिसलं, तर नदीपलीकडे सोडून येईन," बाई म्हणाल्या.

केरसुणी खिजवत म्हणाली, "काय रे कबऱ्या, अंगणात तुला मुहूर्त लागतो होय?"

"तिथं बाई बघत असतात गं मावशी. त्यांच्यादेखत केलं की मार बसतो, एवढंच मला कळलंय."

"अरे वेड्या, मार जागेबद्दल होता!"

"मग तसं मला सांगितलं कुणी?"



दुसऱ्या दिवशीही बाई अंगणात समोरच उभ्या राहिल्या; केरसुणीचं पटूनही कबऱ्याला धीर झाला नाही, आणि कणगीमागे पुन्हा ओल दिसली. बाईंनी डोळे पुसत कबऱ्याला नदीपलीकडे सोडलं. अंगणात त्याच्याकडे पाठ करून घटकाभर उभं राहायचं, तेवढं त्यांच्याकडून राहून गेलं.