झाकणाच्या आत

एका गावात एक बाई राहत होती. गावाचं नाव कशाला सांगू, अशी बाई प्रत्येक आळीत एक तरी असतेच. हिचं नाव द्वारकाबाई. तिच्या देवघरात समईशेजारी एक सीडी प्लेअर होता. त्यात आरतीची सीडी एकदा घातली ती घातलीच. झाकण पुन्हा कोणी उघडलं नव्हतं. सकाळी बटण दाबायचं, हात जोडायचे, की दिवस सुरू.

तिचे यजमान वामनराव आजारी होते. हृदयाची झडप खराब झाली होती, चार पावलं चालले की धाप लागायची. शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावलं, ही तारीख चुकवू नका, मग आमच्याही हातात काही राहणार नाही.

तारीख ठरली आणि दुसऱ्याच सकाळी आरती शेवटच्या कडव्यात अडखळली, खर्र खर्र करून बंद पडली.

शेजारच्या यमुनाकाकू नेमक्या प्रसादाला आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अर्धी राहिलेली आरती बरी नव्हे हो. त्यातून घरात आजारी माणूस." झालं, एवढं पुरलं.

बाईने प्लग हलवून पाहिला, वरून दोन थापा मारल्या. मग यंत्रालाच हळदकुंकू वाहिलं आणि झाकणाच्या फटीत उदबत्ती खोचली. दुसऱ्या दिवशी आरती मधल्याच कडव्यात तुटली. तिने कुंकू वाढवलं, धूप घातला, यमुनाकाकूंनी दिलेला अंगारा वरून टाकला. तर आरती पहिल्याच कडव्यात थांबली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. तिला वाटलं, आरती आखडत चालली आहे तसं यांचं आयुष्यही आखडत चाललंय. यजमान जरा पडले की ती त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसायची.

शहरात जायच्या सकाळी तिने बटण दाबलं. नुसती खरखर आली, सूर म्हणून उमटला नाही. तिची पाचावर धारण बसली.

"आपण जायचं नाही," ती म्हणाली. "जीपवाल्याला मी परत पाठवते. देवच नको म्हणतोय."

वामनराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. "अगं, आत काय झालंय ते एकदा उघडून तरी बघ."

"देवाच्या वस्तूत हात घालू? आणि काही अभद्र निघालं तर?"

वामनरावांना बोलतानाही दम लागत होता. "माझी छाती उघडणार आहेत. भीती मलाही वाटते, तरी मी निघालोय. तुला एक झाकण उघडवत नाही?"

अंगणात जीप येऊन उभी राहिली होती. तिने प्लग काढला. मग झाकण उचललं आणि सीडी बाजूला काढली. आत ना भूत होतं ना देवाचा कोप. सीडी वाचणारं, मसुराच्या दाण्याएवढं एक भिंग होतं आणि त्यावर धुराची काजळी अन् कुंकवाचा लाल थर. कुंकू तिच्याच चिमटीतलं होतं.

मग वातीचा कोरडा कापूस घेऊन तिने, लहान मुलाचा डोळा पुसावा तसं, ते भिंग हलकेच पुसलं. सीडी घातली, प्लग लावला. आरतीच्या पहिल्या दोन ओळी स्वच्छ वाजल्या. ती कुठवर वाजते हे बघत द्वारकाबाई बसली नाही. तिने बटण बंद केलं आणि यजमानांना हाताला धरून जीपमध्ये बसवलं. भीती गेली नव्हती, पण भीतीसकट ती निघाली.

ऑपरेशन झालं, वामनराव घरी आले. यंत्र आता देवघरातून खिडकीतल्या फळीवर गेलं होतं आणि आरती पुरी वाजत होती. यमुनाकाकू भेटायला आल्या त्या चिमटीत अंगारा घेऊनच. मायेने त्या वामनरावांच्या छातीवरच्या ताज्या टाक्यांना तो लावू लागल्या. द्वारकाबाईने त्यांचा हात वरच्यावर धरला.

"कपाळाला लावा, काकू. जखमेवर नको. भक्तीने टाकलेलंसुद्धा आत जाऊन काय करतं, ते मी पाहिलंय."

तात्पर्य: भीतीची पूजा केली की ती वाढतच जाते, धीर करून झाकण उघडलं की दोष दिसतो, आणि दिसलेला दोष पुसता येतो.