एक टोपली माती

“आणि जप कुठला करायचे?”

“जप नाय.”

“उपवास?”

“घरात काय नसलं का व्हायचा,” वैजंताबाई म्हणाल्या आणि पाहुण्याला अवघड वाटू नये म्हणून जरा हसल्या.

चिद्घनाला घाम फुटला. वैशाखाचं ऊन होतं हे खरं, पण हा घाम उन्हाचा नव्हता. मांडवात दोनशे माणसं येऊन बसली होती. वैजंताबाईंच्या नवऱ्याला, लखू आग्रे नावाच्या शेतकऱ्याला, जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याच्याविषयी अर्धा तास बोलायचं होतं चिद्घनाला.

बारा वर्षं काशीत राहून आलेला हा माणूस. शास्त्रं त्याच्या घरी पाणी भरायची. कोकणातल्या आपल्या मठात परतला तो थेट गुरूंपुढं, नागेशबुवांपुढं जाऊन बसला आणि म्हणाला, “बुवा, आता गादी माझ्याकडं द्या.”

बुवा ऐंशीच्या पुढं गेलेले. ते लगेच हो म्हणाले.

“डोंगरावरच्या लखूचं वर्षश्राद्ध आहे,” ते म्हणाले. “तिथं त्याच्याविषयी बोल. ते जमलं की दुसऱ्या दिवशी गादी तुझी.”

चिद्घनाला तेव्हा हसूच आलं होतं. ब्रह्मावर चार-चार तास बोलणारा तो. एका शेतकऱ्यावर बोलायला असं लागतं किती!

आणि आता सकाळपासून तो घरच्यांना खोदून खोदून विचारत होता, पण हाती काही लागत नव्हतं. तीर्थयात्रा नाही. पोथी नाही. कुणा साधूची भेट नाही. सकाळी उठायचे, कामाला जायचे, संध्याकाळी यायचे, पोरांना घेऊन जेवायचे. झालं.

“काहीतरी वेगळं आठवा ना, आई,” तो काकुळतीला आला.

वैजंताबाईंनी मुलाकडं पाहिलं. महादू आता पस्तिशीचा होता. त्यानं मान खाजवली.

“बाबा खाली ओढ्यावर जाताना मला टोपलीत बसवायचे. डोक्यावर. येताना मात्र चालत यायला लागायचं.”

“का?”

“येताना टोपलीत माती असायची.”

“कसली माती?”

महादूनं समोर बोट केलं. “हीच.”

मांडवापुढं शेत होतं. भात कापून गेलेलं, कोरडं, लाल, चारी बाजूंनी दगडी बांध घातलेलं. चिद्घनानं ते आल्यापासून पाहिलं होतं. शेतासारखं शेत, त्यात काय बघायचं!

“ही इथलीच माती ना?”

“हितं माती कुठली, महाराज?” वैजंताबाई म्हणाल्या. “मी लगीन होऊन आले तवा नुसता कातळ व्हता. पाय ठेवला का भाजायचा. शिमगा झाला का हे टोपली घ्यायचे, ते पाऊस लागेपर्यंत. दुपारच्याला मी पण जायची.”

“किती वर्षं?”

“एकेचाळीस.”

चिद्घन शेतात उतरला. एक काटकी घेऊन त्यानं माती उकरली. वीतभर खाली काटकी दगडाला लागली आणि मोडली. तो वीस पावलं पुढं गेला, पुन्हा उकरलं. पुन्हा दगड.

त्यानं मान वर केली. पलीकडच्या बांधावर शेळी चरत होती. ती इथून मांजराएवढी दिसत होती.

“पावसात वाहून नाही जात?”

“जाते की. दरसाल थोडी जाते.”

“मग?”

“मग परत आणायची.” त्यात विचारण्यासारखं काय होतं, ते वैजंताबाईंना कळलं नाही.

शेतात बारीक दगडांच्या ओळी होत्या. त्या ओळींनी शेताच्या चार पट्ट्या पडल्या होत्या.

“पोर व्हायचं असलं का तेवढं शेत वाढवायचे,” त्या म्हणाल्या. “ही थोरलीची. ही मधलीची. ही महादूची.”

“आणि ती कडेची?”

वैजंताबाईंनी त्या पट्टीकडं पाहिलं.

“ती धाकटीची. अकरा दिवस व्हती.”



“पट्टी निम्मी झाली व्हती तवा ती गेली. मी म्हटलं, आता ऱ्हाऊ द्या. तर हे म्हणाले, पोरीचा वाटा अर्धा कसा सोडायचा? अजून दोन उन्हाळे लागले. तिचं भात आमी वेगळं झोडतो. दारात येईल त्याला देतो.”

‘अनंत’ हा शब्द चिद्घनानं बारा वर्षांत हजारदा उच्चारला असेल. आज पहिल्यांदा त्याला त्याची भीती वाटली.

“महाराज, लोक वाट बघतायत,” मांडवातून कुणीतरी हाक दिली.

तो मांडवात गेला. उभा राहिला. माणसं सरसावून बसली. पहिल्या रांगेत नागेशबुवा होते, डोळे मिटून.

“लखू आग्रे...” चिद्घन म्हणाला.

पुढं शब्द येईना. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

मांडवाच्या खांबाशी एक टोपली उपडी ठेवलेली होती. ती त्यानं उचलली आणि डोंगर उतरायला लागला.

“अहो, महाराज चालले कुठं?” कुजबुज सुरू झाली.

“बसा,” बुवा म्हणाले. “येईल.”

महादू त्याच्यामागून धावत गेला. ओढ्याकाठी चिद्घनानं टोपली भरली. महादूनं हात लावला आणि ती त्याच्या डोक्यावर चढवली. निम्म्या वाटेवर चिद्घनाचे पाय लटपटायला लागले. मान खांद्यात रुतली. डोळ्यांत माती जात होती, आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. महादू दोनदा म्हणाला, “द्या इकडं.” त्यानं दिली नाही.

वर येऊन त्यानं ती धाकटीच्या पट्टीत ओतली आणि बांधावर बसकण मारली. वैजंताबाई उठल्या, एकेचाळीस वर्षांच्या सवयीनं खाली बसल्या आणि दोन्ही तळव्यांनी माती सारखी करून मोकळ्या झाल्या.

काठी टेकत बुवा बांधावर आले.

“आणलीस?”

“हो.” त्याला धाप लागली होती.

“कुठं टाकलीस, दाखव.”

चिद्घन उठला. पट्टीत उतरला. दोन पावलं इकडं गेला, दोन तिकडं. वाकून पाहिलं. त्यानं वैजंताबाईंकडं पाहिलं. त्या पदराला हात पुसत होत्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळी माती एकसारखी होती.



“दाखवता येत नाही, बुवा.” तो म्हणाला. “या माणसावर मला नाही बोलता यायचं. गादी दुसऱ्या कुणाला द्या.”

बुवांनी त्याच्या खांद्यावरची माती झटकायला हात पुढं केला, आणि न झटकताच मागं घेतला.

“चल, बोल आता,” ते म्हणाले. “लोक कधीचे खोळंबलेत.”