पाळकाने अडवलेली भाकर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक लहानशी ख्रिस्ती मंडळी होती, आणि तिचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, होता महाभिडस्त. कुणाला नाही म्हणणं त्याच्या जिवावर यायचं.

त्या मंडळीची एक रीत होती. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांना भाकर वाटण्याआधी, पाळक विचारायचा, "कुणाचं कुणाबद्दल काही गाऱ्हाणं?" आणि सगळे एका सुरात म्हणायचे, "शांती आहे!" घरी भांडी आपटून आलेलेसुद्धा तेच म्हणायचे. पाळकालाही ते ऐकून बरं वाटायचं.

एकदा उपासना संपल्यावर मंडळीच्या कीर्तनकाराची बायको पाळकाकडे आली. तिने पदराखालचा हात पुढे केला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"पाळकसाहेब, तुम्ही विचारता आणि मी शांती आहे म्हणते. आता म्हणवत नाही."

पाळक अडचणीत सापडला. कीर्तनकार म्हणजे मंडळीची शान! त्याचं कीर्तन ऐकायला पंचक्रोशी लोटायची. तरी पाळकाने तिला आपल्या घरी, पाळकीणबाईंपाशी ठेवून घेतलं आणि तो एकटाच कीर्तनकाराकडे गेला.

"बुवा, हात आवरा. चूक कबूल करा."

"भांड्याला भांडं लागतंच, साहेब," कीर्तनकार हसला.

मग पाळक मंडळीच्या दोन पंचांना घेऊन गेला. कीर्तनकार म्हणाला, "बरं तर, नाताळच्या कीर्तनाला दुसरा गडी बघा." झालं! पंच जागच्या जागी विरघळले. परतताना म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. सण तोंडावर आलाय, साहेब."

प्रभुभोजनाचा रविवार आला. पाळकाने नेहमीचा प्रश्न विचारला. "शांती आहे!" सगळे म्हणाले, आणि कीर्तनकाराचा आवाज सर्वांत मोठा.

पाळकाने कीर्तनकाराच्या बायकोकडे पाहिलं. बायकांच्या बाजूला ती मान खाली घालून बसली होती.

"शांती नाही," तो म्हणाला. "हा आपला भाऊ बायकोला मारतो. एकट्याने सांगितलं, पंचांसमोर सांगितलं, तो ऐकत नाही. तो पश्चात्ताप करून वळेपर्यंत त्याला ही भाकर नाही आणि कीर्तनही नाही."

कीर्तनकार उठून थेट पाळकासमोर येऊन उभा राहिला. पाळक भिडस्त खरा, पण त्याने भाकरीचं ताट मागेच धरलं.

"माझ्यावाचून तुमच्या मंडळीला कुत्रं तरी विचारतं का?" असं म्हणून कीर्तनकार निघून गेला.

नाताळ सुनासुना गेला. आणि माणसांची तऱ्हा बघा! कालपर्यंत मूठ झाकणारे तेच पंच आता सांगू लागले, "त्याच्या दारात पाऊल टाकू नका." पाळक मात्र दर आठवड्याला त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा. दार बंदच असायचं. पाळक प्रार्थना करायचा आणि उठून यायचा.

उन्हाळ्यात एकदा दार उघडलं. पुढच्या रविवारी कीर्तनकार भरल्या मंडळीत उभा राहिला. तो म्हणाला, "मीच मारलं. तिचा काहीएक दोष नव्हता." 

"इतक्यात माफी? आमच्या सणाचं वाटोळं केलं याने!" एक पंच गरजला.

"कबूल केलं ना? मग बायकोला आजच घरी धाडा," दुसरा म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. एरवी पाळकानेच तिची समजूत काढली असती. आज त्याने विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

ती उठली. स्पष्ट शब्दांत म्हणाली,

"त्यांना भाकर द्या, पाळकसाहेब. ती प्रभूची आहे, मी कोण अडवणार? पण घरी जायचं की नाही, ते माझं मी ठरवीन. त्यांची चाहूल लागली तरी अजून मला धडकी भरते."

 पाळकाने कीर्तनकाराच्या हातावर भाकर ठेवली. उपासना संपल्यावर ती पाळकीणबाईंबरोबर निघाली, आणि कीर्तनकार वाट सोडून बाजूला उभा राहिला.

तात्पर्य: मंडळीने पाप झाकू नये आणि वळलेल्या पाप्याला परकं करू नये, पण ज्याला मार बसला, त्याच्या वतीने क्षमेची घाई कोणीच करू नये.