हाकेला ओ

साग आणि उंबरांच्या एका दाट जंगलात एक भृंगराज राहत असे. भृंगराज म्हणजे कोतवाल पक्ष्याचा थोरला भाऊच म्हणा ना. अंगाने काळाकुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना पिसांचे गोंडे. एवढा नटलेला पक्षी म्हटल्यावर तो गातही गोड असेल, असं तुम्हाला वाटेल. पण नाही हो, मुलांनो! त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे नुसती किर्र, जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तशी. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती. तो अगदी लहान असताना वावटळीत त्याचं घरटं पडलं आणि आई कुठल्या कुठे गेली. झुडपात बसून तो दिवसभर किर्र किर्र करी, पण कुणी फिरकलं नाही. एकदा त्याने सहज जवळच्या चितळाच्या मादीसारखी हाक मारून पाहिली, तर पलीकडून तिच्या पाडसाने चटकन ओ दिली. भृंगराजाला कोण आनंद झाला! जन्मात पहिल्यांदा त्याच्या हाकेला कुणीतरी ओ दिली होती. मग काय, तो मोरासारखा ओरडे, सुतारपक्ष्यासारखी टकटक करी, आणि कुठून ओ येते का म्हणून कान देऊन बसे. बिचाऱ्याला दुसरं काही नको होतं.

पण हौसेला धरबंध राहिला नाही की तिचं खूळ होतं. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत एकदा चितळांचा कळप खाली निवांत चरत होता. भृंगराजाच्या मनात आलं, सगळं जंगल एकदम ओ देईल अशी हाक कोणती? अशी हाक एकच होती. उंच उंबरावर एक वानरी पहाऱ्याला बसे, आणि बिबट्या दिसला की "खक्! खक्!" करून सगळ्यांना सावध करी. भृंगराजाने हुबेहूब तीच हाक मारली. कळप उधळला, पळापळ झाली, आणि एक म्हातारं चितळ घळीत पडून कायमचं लंगडं झालं.

उंबराखाली पंचायत बसली. कोल्हा म्हणाला, "दुसऱ्याचा आवाज घेणं ही सरळसरळ चोरी आहे." चोरीतलं त्याला बरंच कळत असे. रानडुक्कर म्हणालं, "मी माती उकरतो, मला कंद मिळतो. हा आवाज उकरतो, त्यातून कुणाचं पोट भरतं?" शेवटी वानरी बोलली. "माझ्या हाकेवर सगळ्यांचे जीव आहेत. ती एकदा खोटी ठरली, तर उद्या खरी हाक कोण ऐकेल? यापुढे स्वतःच्या आवाजात बोल, नाहीतर या जंगलात तुला थारा नाही." आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं. "बरं, काढ बघू तुझा आवाज," कोल्हा म्हणाला. भृंगराजाने मान खाली घालून किर्र केलं, आणि पंचायतीत असा हशा पिकला की काही विचारू नका.

त्या दिवसापासून तो जंगलाच्या कडेला एका वठलेल्या सागावर राहू लागला. तो कुणाचा आवाज काढीना, आणि आपला तर त्याला काढवेना. सगळ्यांच्या हाका त्याच्या कानावर येत, गळ्यापर्यंत येत, आणि तो त्या गिळून टाकी. संध्याकाळी रानात जो तो आपल्या माणसांना हाक मारी आणि जो तो आपल्या माणसांना ओ देई. भृंगराज ते ऐकत बसे. एकटेपणा त्याने लहानपणी पाहिला होताच, पण हा जास्त जड होता. तेव्हा निदान हाक तरी मारता येत होती.

असे कितीतरी दिवस गेले, आणि एका सकाळी जंगलावर दुःख कोसळलं. वानरी नदीकडे डोळे लावून पहाऱ्याला बसली होती, आणि बिबट्या मागून आला. खालच्या फांदीवर खेळणारं तिचं पिल्लू त्याने नेलं. साऱ्यांची राखण करणारीचं घरच उघडं राहिलं! तेव्हापासून वानरीने पहारा सोडला आणि खाणंही सोडलं. रानडुकराने तिच्यापुढे चांगला जाडजूड कंद आणून ठेवला, तो तसाच वाळला. कोल्ह्याने "जे व्हायचं ते टळत नाही" वगैरे शहाणपण सांगितलं, ते तिच्या कानात शिरलं नाही. पहारा नाही म्हणून चितळं पाण्यावर जायला भिऊ लागली.

एका दुपारी वानरी वठलेल्या सागाखाली येऊन उभी राहिली. ती इतकी वाळली होती की भृंगराजाने तिला आधी ओळखलंच नाही.

"माझं पिल्लू तुझ्या कानावर यायचं का रे?" तिने विचारलं.

"रोज यायचं, मावशी."

"हाक कशी मारायचं ते? मला त्याचं तोंड आठवतं, शेपटी आठवते. आवाज तेवढा आठवत नाही. सगळं रान शोधलं, कुठे सापडत नाही."

भृंगराज म्हणाला, "बंदी तूच घातलीस, मावशी. आणि मी काढला तरी तो खोटाच असणार."

"खोटा आहे हे मला ठाऊक आहे," वानरी म्हणाली. "चितळांना ते ठाऊक नव्हतं. काढ, बाळा."

भृंगराजाने डोळे मिटले आणि हाक मारली. बारीक, लाडिक, आणि मध्येच अडखळणारी, तोंडात काहीतरी भरलेलं असावं तशी. वानरीने सागाचा बुंधा घट्ट धरला. "उंबर! तोंडात उंबर कोंबलेलं असायचं त्याच्या," ती म्हणाली. "सांगून सांगून थकले, आधी गिळ, मग हाक मार..." इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "पुन्हा काढ."

सावल्या लांब होईपर्यंत तो हाका मारत राहिला. संध्याकाळी वानरीने चार उंबरं खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी उंबराच्या शेंड्यावरून तिची "खक्! खक्!" पुन्हा ऐकू आली. चितळं पाण्यावर गेली.

मग एकेक जण सागाखाली येऊ लागला. लंगडं चितळ आपल्या बहिणीची हाक ऐकायला आलं. रानडुक्कर इकडे तिकडे बघत आलं आणि पुटपुटलं, "माझा भाऊ कंद सापडला की कसा घुरघुरायचा, ते येतं का तुला?" कोल्हा तर म्हणाला की आपण सहज इकडून चाललो होतो, आणि आपल्या आईचा आवाज ऐकून गेला. बंदी कुणी उठवली नाही, पण ती कुणाच्या लक्षातही राहिली नाही. जिवंतांचे आवाज मात्र भृंगराजाने आपणहून कायमचे सोडले.

आता तो सुखी झाला असेल, असं वाटतं ना? नाही झाला. जो तो येई, ऐके, रडे आणि हलका होऊन घरी जाई. गेलेल्यांच्या हाकेला ओ कोण देणार? सगळं जंगल त्याच्या झाडाखाली येऊन जाई आणि तो पूर्वीपेक्षाही एकटा उरे.

एके दिवशी सगळे पांगल्यावर वानरी मागे थांबली. "सगळ्यांचं ऐकवतोस. तुझं कोण गेलं रे?"

असं त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. "आई," तो म्हणाला. "तिचा आवाज मला येत नाही, मावशी. मी ऐकलाच नाही. मी हाका मारत होतो, तिने ओ दिली असती तर कळला असता."

वानरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाक मार. तुझ्या आवाजात."

"हसतील सगळे."

"हसू देत. तू मार."

भृंगराजाने मान खाली घातली आणि हळूच केलं, "किर्र."

जंगल हसलं नाही. वानरी चढून त्याच्या शेजारच्या फांदीवर बसली, आणि आपल्या पिल्लाला देत असे, तशीच मोठ्याने ओ दिली.

तात्पर्य : कलेने पोट भरत नाही, पण हरवलेलं माणूस क्षणभर परत भेटतं आणि पुढे जगायला बळ येतं. म्हणून कलावंताचं ऐकून नुसते डोळे पुसून घरी जाऊ नये. त्याचीही एक हाक असते, तिला ओ द्यावी.