झाड गंमत करत नाही

फार पूर्वी एका उंच कड्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं. शेती नावापुरती. गावाचं पोट भरायचं ते कड्याला लागणाऱ्या मोहोळांवर. मध काढणारा कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचा, एका हातात धुराची चूड आणि दुसऱ्या हातात विळा. वर त्याचा दोर धरून उभा राहायचा त्याचा मेहुणा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यायची त्या गावात चालच नव्हती.

जुन्या माणसांनी ही चाल विचार करूनच पाडली होती. सख्ख्या भावाचा काय भरवसा? भावाभावांत बांधावरून भांडणं असतात. पण आपल्याच बहिणीचं कुंकू आपल्याच हातानं कोण पुसेल?

दोर धरणं हे काही नुसतं उभं राहण्याचं काम नव्हतं. दोराचा एक वेढा झाडाला घालून टोक हातात ठेवायचं. कड्याच्या धारदार कडेवर दोर घासू नये म्हणून त्याच्याखाली गोणपाट सरकवत राहायचं. खालून हाक आली की ओ द्यायची. डोळे आणि कान दोन्ही जागे लागत.

त्या गावात असाच एक मेहुणा होता. दोर धरण्यात पटाईत, मनानं साखर, आणि स्वभावानं थट्टेखोर. तो बसला की चार माणसं आपोआप भोवती जमत. बहिणीच्या लग्नात कानपिळीच्या वेळी त्यानं दाजींचा कान असा पिळला होता की नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. मांडवभर हशा. लगेच यानं गळ्यात हात टाकला, "अहो दाजी, गंमत केली हो!"

गंमत हा शब्द त्याच्या जिभेवरच असायचा. तसा तो आपल्या सगळ्यांच्याच जिभेवर असतो म्हणा. जत्रेत गंमत, आजोळी गंमत, पहिल्यांदा पोळी लाटणाऱ्या मुलीच्या नकाशाची गंमत. फार गोड शब्द आहे. म्हणूनच तो कुठेही चोपडता येतो, जखमेवरसुद्धा.

कड्यावरही याची गंमत चालायची. दाजी अर्ध्यावर उतरले की हा दोर एकदम वीतभर सैल सोडायचा आणि ओरडायचा, "दाजी, सुटला! दोर सुटला!" खाली दाजींच्या काळजाचं पाणी व्हायचं. तेवढ्यात वरून हसणं ऐकू यायचं, "अहो, गंमत केली!"

मग दाजीही खालून हसायचे. संध्याकाळी पारावर मेहुणा त्यांच्या घाबऱ्या तोंडाची हुबेहूब नक्कल करायचा. लोक पोट धरून हसायचे, आणि लोकांत बसलेले दाजीही हसायचे. मेहुण्याला वाटायचं, आपले दाजी किती खेळकर!

बहिणीला मात्र ते हसू कुठून येतं ते दिसत होतं. नवरा झोपेत दचकून खाटेची कड धरतो, हे तिच्याशिवाय कोण पाहणार? एकदा तिनं भावाला ताटावर बसवलं आणि भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अरे, काय थट्टा करायची ती घरात कर. दोराची नको करूस."

"आक्का, ते तर माझ्याहून जास्त हसतात!"

"दोराला लटकलेला माणूस हसणारच. रुसून जाईल कुठे?"

भावाला ते पटलं. निदान त्या घटकेला पटलं. त्यानं बहिणीच्या गळ्याची शपथ घेतली, "पुन्हा नाही करणार." दाजींनी ते ओट्यावरून ऐकलं, आणि त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

पुढच्या मधाच्या दिवशी शेजारच्या गावची पाहुणेमंडळी कडा बघायला आली. बायका, पोरं, म्हातारे, सगळे वर जमले. दाजी शांतपणे उतरू लागले. एवढी माणसं तोंडाकडे बघत असताना आपण नुसतं मुकाट उभं राहायचं, हे मेहुण्याला काही जमेना. पाहुण्यांतला एकजण म्हणालाही, "काय हो, तुम्ही मोठे गमत्ये म्हणे!"

झालं. शपथ आठवली, नाही असं नाही. पण एकदाच, शेवटचं, असं म्हणून त्यानं दोर सैल सोडला. या वेळी हातभर.

हशा तर असा उसळला की दाजी हसले की नाही, हे कुणाच्या कानावरच आलं नाही. वर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. तांब्या तोंडाशी नेताना निम्मं पाणी अंगावर सांडलं. मेहुण्यानं पाठीवर थाप मारली, "रागावलात? गंमत केली हो!" दाजी म्हणाले, "छे रे," आणि मधाचं भांडं उचलून घरी गेले. मेहुण्याला एकदम हायसं वाटलं.

काही दिवसांनी दाजी सकाळीच दोर खांद्यावर टाकून निघाले. बायकोनं विचारलं, "दोर धरायला कोण?"

"आहे एकजण," ते म्हणाले. "मुकाट उभा राहणारा." आपल्या भावानं खोड सोडली असावी, असं समजून ती चुलीकडे वळली.

थोड्या वेळानं भाऊच दारात आला, "आक्का, दाजी कुठायत?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो पळत सुटला.

कड्यावर माणूस नव्हतं. झाडाला दोर पक्का बांधलेला होता, गाठ जागची हललीही नव्हती. पण दगडाच्या कडेवर, जिथे गोणपाट सरकवायला कुणी नव्हतं, तिथे दोर कातरून तुटला होता. मेहुण्यानं ते तुटकं टोक हातात घेतलं. "दाजी!" म्हणून त्यानं मारलेली हाक कड्यानं परत दिली.

नशीब एवढंच की मोहोळ खालच्या अंगाला होतं आणि त्याखाली करवंदीची जाळी होती. दाजी जाळीत सापडले. जीव होता, पण पाय मांडीपासून मोडला होता.

मेहुण्यानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रडत रडत म्हणाला, "दाजी, मला हाक का नाही मारलीत? मी घरीच होतो की!"

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"झाड गंमत करत नाही रे," ते म्हणाले.

पाय पुढे जुळला, पण वाकडा. दाजींचा कडा सुटला तो सुटलाच. ते दारात बसून वाख वळायचे, दुसऱ्यांसाठी दोर करायचे. मेहुण्यानं थट्टा टाकली. तो रोज यायचा, पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. मधाचा पहिला वाटा आधी त्यांच्या घरी पोचवायचा. एकदा तो बहिणीजवळ बसून म्हणाला, "आक्का, तुझ्या गळ्याची शपथ, माझ्या मनात वाईट नव्हतं गं. मी गंमतच करत होतो."

"तुझ्या मनात नव्हतं, ठाऊक आहे मला," बहीण म्हणाली. "पण गंमत झाली की नाही, हे कुणी सांगायचं? दोर धरलेल्यानं, की दोराला लटकलेल्यानं?"

दाजींना उन्हात बसायचं होतं, म्हणून तो उठला आणि त्यानं हात पुढे केला. दाजींचा हात अर्ध्यापर्यंत आला. मग तो हात वळला, आणि त्यांनी दाराची चौकट धरली. उभं राहिल्यावर ते ओशाळून हसले.

"मुद्दाम नाही रे केलं," ते म्हणाले. "हाताला सवय लागली."

मेहुण्याचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला.

तेव्हापासून त्या गावात मध काढणारा कड्याच्या कडेशी थांबतो आणि मेहुण्याला विचारतो, "आज गंमत नाही ना?" मेहुणा त्याच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हणतो, आणि मगच दोर त्याच्या हातात जातो. विचारायची ही रीत चांगलीच आहे. फक्त ती पडायला एका भल्या माणसाचा पाय मोडावा लागला.

तात्पर्य: गंमत झाली की छळ, हे ज्याची गंमत केली त्यालाच ठरवू द्यावं; आणि ज्याचा दोर आपल्या हातात आहे, त्याच्या हसण्यावर तर मुळीच विसंबू नये.